मायनर लीग बेसबॉल: पैसा गावाचा, मग संघ कुणाचा?

जेनेसीकाठ

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळच्या आमच्या गावात रोटरीची बैठक दर आठवड्याला दुपारच्या जेवणावर होते. घंटा वाजते, ज्याच्याकडे काही आनंदाची बातमी असेल तो एक डॉलर टाकून ती सांगतो, मग पाहुण्यांचं भाषण. या वेळी पाहुणे म्हणून मायनर लीगमध्ये उभी हयात घालवलेले एक व्यवस्थापक आले होते. छोट्या शहरांत व्यावसायिक बेसबॉल टिकणार का, हा विषय. जेवण संपलं तरी कुणी उठेना, इतका वाद झाला. तो इथे मांडते.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीग ही अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिचे ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली छोट्या शहरांतले संघ असतात आणि तिथे खेळाडू तयार होतात; हीच मायनर लीग. खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार वरचा संघ देतो. मैदान, दिवे, तिकीटविक्री, हॉट डॉगचे ठेले हा बाकीचा संसार स्थानिक मालकाने सांभाळायचा. २०२० पर्यंत तिकीट लावून खेळणारे असे १६० संघ होते. त्या सप्टेंबरात जुना करार संपला, कोविडमुळे हंगाम आधीच बुडाला होता, आणि मेजर लीगने सगळा कारभार आपल्या हातात घेऊन १२० संघ ठेवले. १९३९ पासून चालत आलेली आमच्या भागातली न्यूयॉर्क-पेन लीग तर पूर्णच बंद झाली.

जे वाचले त्यांच्यापुढे नवी नियमावली आली: मोठी ड्रेसिंग रूम, व्यायामशाळा, सरावाच्या बंदिस्त जाळ्या, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी जागा, चांगले दिवे. मागण्या वाजवी आहेत. पण स्टेडियम बहुतेक ठिकाणी शहराचं किंवा काउंटीचं (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचं) असतं, त्यामुळे बिल शेवटी करदात्यांकडे येतं.

माझं मत असं, की काउंटीने पैसे द्यावेत, पण मालकीच्या बदल्यात. १९५७ मध्ये मेजर लीगच्या सेंट लुईस कार्डिनल्सनी आमच्या रॉचेस्टर रेड विंग्ज संघातून अंग काढून घेतलं, तेव्हा मॉरी सिल्व्हर यांच्या पुढाकाराने ८,२२२ लोकांनी शेअर घेऊन संघ विकत घेतला. तो आजही भागधारकांचाच आहे. टोलेडोचा मड हेन्स तर थेट लुकास काउंटीच्या मालकीचा. जिथे मालक गावातला आहे तिथे संघ रातोरात उचलून नेता येत नाही. बाकी सगळीकडे, दिवे बदलून दिले तरी उद्या मालक गाव सोडणार नाही याची हमी कोण देणार?

हिशेबनीस

तळमळ कळते, पण मुळात काउंटीने यात पडूच नये. स्टेडियमने गावाची भरभराट होते या दाव्यावर अर्थतज्ज्ञांचा फारसा विश्वास नाही, कारण माणूस सामन्यावर खर्च करतो ते पैसे त्याने नाहीतर गावातच सिनेमाला किंवा हॉटेलात घातले असते. ऑरेगनमध्ये युजीनचा संघ आहे ना, एमराल्ड्स? त्यांच्या नव्या मैदानासाठी युजीन शहराने दीड कोटी डॉलरचे रोखे मतदानाला ठेवले. मे २०२४ मध्ये मतदारांनी साफ नाकारले. ती माणसं बेसबॉलची वैरी नव्हेत. त्यांना आधी रस्ते आणि घरं हवी होती.

आणि मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर शहर बघा. पॉटकेटकडून संघ आणला, २०२१ मध्ये पोलर पार्क उघडलं, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. पॉटकेटच्या वाट्याला रिकामं मैदान आलं. शहरांनी एकमेकांविरुद्ध बोली लावायची आणि फायदा तिसऱ्याने न्यायचा, हे थांबवायचं तर कुणीतरी नाही म्हणायला हवं.

डावखुरा

या चर्चेत खेळाडू कुठे आहे? जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना लोक विसरतात, की २०१९ मध्ये मायनर लीगच्या खालच्या ‘अ’ वर्गातल्या खेळाडूचा किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता, तोही फक्त हंगामापुरता. एका खोलीत पाच-सहा पोरं, जमिनीवर गाद्या टाकून. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा करून त्यांना ओव्हरटाइमच्या हक्कातूनही वगळलं.

२०२२ मध्ये ते खेळाडूंच्या संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या ट्रिपल-ए वर्गात वर्षाला किमान ३५,८०० डॉलर, खालच्या अ वर्गात २६,२००. राहायची सोय आता वरचा संघ करतो. १६० संघ ठेवून हे झालं असतं असं मला वाटत नाही. संघ कमी झाले म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या पोरांच्या जागी स्वतःचा मुलगा उभा करून बघावा.

जेनेसीकाठ

पगारवाढीचं मला मनापासून समाधान आहे. पण ती संघटनेने झगडून मिळवली. गावं तोडल्याचं ते बक्षीस नव्हतं. कात्री २०२० मध्ये चालली, करार २०२३ चा. आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, फेऱ्या ४० वरून २० वर आल्या, त्याचं काय? माइक पियाझाला १९८८ मध्ये डॉजर्सनी ६२व्या फेरीत घेतलं होतं. तो बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

डावखुरा

एका पियाझामागे हजारो पोरं उमेदीची वर्षं घालवून रिकाम्या हाताने परतली, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आणि ज्याची ड्राफ्टमध्ये निवड होत नाही त्यालाही संघ करारबद्ध करू शकतोच.

कांदेवाली

बॅटाव्हियाजवळ राहते म्हणून लिहिते. आमचा मकडॉग्ज २०२० मध्ये मेजर लीगच्या यादीतून गेला. नाव इथल्या काळ्या दलदलीच्या जमिनीवरून, म्हणजे ‘मक’वरून, पडलंय, त्या जमिनीत कांदा उत्तम येतो. संघ मेला असंच सगळे धरून चालले होते. पुढच्याच उन्हाळ्यात नवीन मालकांनी त्याच नावाने, त्याच ड्वायर स्टेडियमवर कॉलेजच्या खेळाडूंचा संघ उतरवला. आज गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते.

ही मुलं पगार घेत नाहीत, गावातल्या घरांत राहतात. आमच्याकडे एक कॅचर होता. रात्री साडेदहाला यायचा, थालीपीठ लोण्याबरोबर खायचा आणि पँट बादलीत भिजत टाकायचा. गुडघ्यावरची तांबडी माती कितीही घासली तरी पूर्ण निघायची नाही. पुढे मोठा खेळाडू होईल म्हणून नव्हे, आमच्या गावचा म्हणून लोक त्याला टाळ्या द्यायचे. त्यामुळे मेजर लीगच्या शिक्क्याशिवाय चालत नाही, हे मला पटत नाही. शिक्का नाही म्हणून त्यांची नियमावलीही नाही, आणि बिलही नाही.

डावखुरा

म्हणजे २९० डॉलरवरून शून्यावर. मुलं आनंदाने खेळतात हे मान्य, पण तिकिटाचे पैसे कुणीतरी घेतंच आहे.

मैदानप्रेमी

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी या लीगचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे. उत्तर प्रदेशातली ही दोन मुलं, २००८ च्या एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून पुढे आली आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना घेतलं. रिंकू २०१२ मध्ये चार्ल्सटनच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून गोलंदाजी करत होता. तो संघही २०२० च्या कात्रीत गेला आणि मेजर लीगशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळू लागला. हात बसायला वेळ लागतो अशा खेळाडूसाठी खालच्या पायऱ्या लागतात. त्या कमी केल्या की आधीच तयार असलेलाच वर जाणार.

हिशेबनीस

जेनेसीकाठ, तुमच्या मूळ मुद्द्यातच एक भोक आहे. रॉचेस्टरचे भागधारक संघाचे मालक असतील, पण खेळण्याचा परवाना मेजर लीगचा. सगळ्या १२० संघांचे परवाने २०३० पर्यंतचे आहेत. तेव्हा त्यांनी आणखी कात्री लावली तर तुमच्या ८,२२२ जणांच्या वारसांच्या हाती काय राहणार? दुसरीकडे डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज ही एकच कंपनी चाळीसच्या वर संघ घेऊन बसली आहे. वाटाघाटीच्या टेबलावर मेजर लीग कुणाचं ऐकेल, त्या कंपनीचं की काउंटीचं?

जेनेसीकाठ

कंपनीचं ऐकेल, हे खरं आहे. म्हणून तर काउंटीने आत्ताच, पैसे हातात आहेत तोवर, अटी घालायला हव्यात. परवाना गेला तरी नाव, रंग आणि मैदान गावाकडे राहतील असं भाडेकरारात लिहून घ्यायचं. कांदेवालींनी सांगितलंच, तेवढ्या भांडवलावर बॅटाव्हिया पुन्हा उभं राहिलं. शिवाय संघ विकायचा झाल्यास पहिला हक्क काउंटीचा. हे दोन मुद्दे मी बैठकीत मांडले. रोटरीच्या चार कसोट्यांतली दुसरी विचारते, हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे का. पाहुण्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की विक्रीच्या अटीला मालक मान्यता देणार नाहीत. मला तेवढंच कळायला हवं होतं. काउंटीच्या सभेत लोकांना बोलायला वेळ देतात, तिथे मी हीच अट आधी वाचून दाखवणार आहे.

हिशेबनीस

विक्रीच्या अटीसकट ठराव आला तर मी विरोध मागे घेईन. अट गाळून आला तर विरोधात मत देईन.