मदत हवी आहे: जुन्या उबुंटूवर बाह्य यूएसबी हार्डडिस्कचा संपर्क मध्येच तुटतो

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे आणि हस्तलिखित नोंदवह्यांचे स्कॅनिंग गेली काही वर्षे चालू आहे. हे सगळे स्कॅन २ टीबीच्या एका बाह्य हार्डडिस्कवर साठवलेले असून, गेल्या पावसाळ्यापासून ही डिस्क ऐन कामात असताना संगणकावरून नाहीशी होऊ लागली आहे. डिस्कच निकामी होत चालली आहे, की दोष केबल, वीजपुरवठा किंवा आमची जुनी लिनक्स प्रणाली यांपैकी कशात आहे, हे डिस्कवरील माहितीला धक्का न लावता कसे ठरवावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अलीकडच्या कामाची दुसरी प्रत अद्याप झालेली नाही, आणि काही अंकांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की ती पाने पुन्हा स्कॅनरवर ठेवणे आता शक्य नाही. म्हणून प्रत्येक पाऊल विचारून टाकायचे ठरवले आहे.

लॅपटॉप २०१२ च्या सुमाराचा आहे. त्याला एक यूएसबी ३ चा आणि दोन यूएसबी २ चे पोर्ट आहेत. त्यावर ३२-बिट उबुंटू १६.०४ असून कर्नल (प्रणालीचा गाभा) ४.४ आहे. या आवृत्तीचा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला, याची कल्पना आहे. परंतु आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर उत्पादकाने केवळ ३२-बिट स्वरूपात दिला होता, आणि उबुंटूने १७.१० पासून डेस्कटॉपची ३२-बिट प्रत देणेच थांबवले. त्यामुळे ‘नवी आवृत्ती टाका’ हा उपाय योग्य असला तरी स्कॅनरचा प्रश्न सुटेपर्यंत आम्हाला तो अमलात आणता येणार नाही. डिस्क अडीच इंची आहे, तिला स्वतंत्र अडॅप्टर नाही, ती पोर्टमधूनच वीज घेते. तिच्यावर एकच विभाजन असून फाइलप्रणाली ईएक्सटी४ आहे.

लक्षणे दोन प्रकारची आहेत आणि ती पोर्टनुसार बदलतात. हीच गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्क यूएसबी ३ पोर्टला लावली की ती ताबडतोब दिसते, फोल्डर उघडतात, एखादी फाइल वाचताही येते. मात्र एका दिवाळी अंकाचे संपूर्ण फोल्डर नकलायला घेतले की काही मिनिटांत नक्कल गोठते. (३०० डीपीआयचे एक रंगीत ए४ पान टिफ स्वरूपात सुमारे २६ एमबी होते, म्हणजे २०० पानांचा अंक ५ जीबीच्या पुढे जातो.) अर्ध्या मिनिटाने ‘डीमेसेज’ या कर्नलच्या लॉगमध्ये ‘यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर’ या शब्दांच्या ओळी एकामागून एक येतात, त्यानंतर सुपरस्पीड उपकरण रीसेट केल्याची नोंद येते, आणि कधी डिस्क सावरते, तर कधी संपर्क पूर्ण तुटून प्रणालीने डिस्कला दिलेले ‘एसडीबी’ हे नाव बदलून ‘एसडीसी’ होते. एकदा तर फाइलप्रणाली केवळ-वाचनीय अवस्थेत गेली आणि जर्नल (फाइलप्रणालीतील बदलांची वही) थांबवल्याची नोंद झाली. त्यानंतर मी डिस्कवर काहीही लिहिलेले नाही.

तीच डिस्क यूएसबी २ पोर्टला लावली की ‘यूएएस’चा (डिस्कशी आज्ञांची देवाणघेवाण करण्याच्या नव्या पद्धतीचा) उल्लेखही कुठे येत नाही. ‘एलएसयूएसबी -टी’ या आज्ञेत तिथे ड्रायव्हर म्हणून ‘यूएसबी-स्टोरेज’ आणि वेग ४८० दिसतो, तर यूएसबी ३ पोर्टवर ‘यूएएस’ आणि ५००० दिसतो. या पोर्टवर लांबलचक नक्कल बहुतेक वेळा पार पडते, पण डिस्क लावताक्षणी अडचण येते. तबकडी फिरू लागल्याचा आवाज येतो, टक् असा आवाज होऊन ती थांबते आणि पुन्हा फिरू लागते. त्या वेळी लॉगमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ या शब्दांसह उणे ७१ किंवा उणे ११० ही त्रुटी दिसते. स्कॅनरही यूएसबीवरूनच वीज घेणारा आहे, आणि तो जोडलेला असताना हे अधिक वेळा घडते.

केबल बदलून पाहिली आहे. रुंद मायक्रो-बी टोकाची दुसरी, आखूड केबल लावूनही दोन्ही लक्षणे कायम राहिली. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेला ‘-डी सॅट’ हा पर्याय दिल्यावर डिस्कची अंतर्गत नोंद वाचता आली. क्रमांक ५, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे तुकडे), शून्य आहे. क्रमांक १९७, म्हणजे प्रलंबित (वाचता न आलेले) सेक्टर, ८ आहे. क्रमांक १९९, म्हणजे सीआरसी (माहिती पोहोचवताना झालेल्या) त्रुटी, शून्य नाही, पण ती संख्या वाढतानाही दिसत नाही. लॅपटॉपवर वीजबचतीसाठी ‘टीएलपी’ बसवलेले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, १९७ च्या पुढे ८ दिसणे म्हणजे डिस्क अखेरच्या घटका मोजत आहे असे समजावे काय? दुसरा, ‘यूएएस’ बंद करावे असे अनेक ठिकाणी वाचले, पण ते ४.४ कर्नलवर सुरक्षितपणे कसे करावे? तिसरा, फाइलप्रणालीची दुरुस्ती आधी करावी की प्रत आधी घ्यावी? आणि चौथा, डिस्क प्लॅस्टिकच्या पेटीतून काढून थेट साटा (डिस्कच्या स्वतःच्या) जोडणीने वाचावी, असे एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले आहे. ते करावे काय?

प्रतिसाद

आपण माहिती फार नीट दिली आहे. त्यामुळे नेमके लिहिता येईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यानंतर येते. मूळ डिस्कवर ‘ई२एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा मुळीच चालवू नका. ती आज्ञा फाइलप्रणाली सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहिते. लिहीत असताना संपर्क पुन्हा तुटला, तर आज वाचता येणारी पानेही हातची जातील. आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (बाइटला बाइट जुळणारी प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्यासाठी ‘जीडीडीरेस्क्यू’ हे पॅकेज बसवा. त्यातील ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञा आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा बाजूला ठेवते, आणि कुठवर काम झाले याची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवत जाते. मधेच वीज गेली किंवा डिस्क नाहीशी झाली, तरी तीच नकाशा-फाइल देऊन काम पुढे चालू करता येते. मात्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी डिस्कचे नाव ‘एसडीबी’च आहे ना, हे दर वेळी तपासा. नकाशा-फाइल लॅपटॉपच्या आतील डिस्कवर ठेवा. पहिल्या फेरीत ‘-एन’ हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसण्यात डिस्कची शक्ती खर्च होणार नाही. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो हे धरले, तर २ टीबीला सुमारे १६ तास लागतील. तेवढा वेळ लागला तरी चालेल.

आता ‘यूएएस’विषयी. यूएसबी-स्टोरेज ही जुनी पद्धत एका वेळी एकच आज्ञा डिस्ककडे पाठवते आणि तिचे उत्तर आल्याशिवाय दुसरी पाठवत नाही. यूएएस एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत लावते. पेटीतील ब्रिज चिपचे (यूएसबी आणि डिस्क यांना जोडणाऱ्या चिपचे) अंतर्गत सॉफ्टवेअर या रांगेत गोंधळले, की आज्ञेचे उत्तर येत नाही, कर्नल सहसा ३० सेकंद वाट पाहतो आणि मग ती आज्ञा रद्द करतो. आपण लिहिलेले ‘अर्ध्या मिनिटाने’ हेच आहे. अशा चिपांची एक अपवाद-यादी कर्नलमध्येच असते आणि ती प्रत्येक आवृत्तीत वाढत गेली आहे. ४.४ मधील यादी अर्थातच जुनी आहे.

आपल्या डिस्कपुरते यूएएस बंद करण्यासाठी ‘एलएसयूएसबी’मध्ये तिच्यासमोर दिसणारे दोन चार-अंकी क्रमांक टिपून घ्या. ‘ईटीसी’खालील ‘मोडप्रोब.डी’ या फोल्डरात ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाइल करा. तिच्यात एकाच ओळीत ‘ऑप्शन्स’, जागा, ‘यूएसबी-स्टोरेज’, जागा, मग ‘क्वर्क्स’ आणि बरोबरचे चिन्ह, आणि त्याला चिकटून पहिला क्रमांक, अपूर्णविराम, दुसरा क्रमांक, अपूर्णविराम आणि शेवटी ‘यू’ हे अक्षर लिहा. हे सर्व अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत लिहायचे आहे. त्यानंतर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवून यंत्र पुन्हा सुरू करा. काही जण ‘यूएएस’ हे मॉड्यूलच काळ्या यादीत टाकायला सांगतात. ते करू नका. यूएएस येणाऱ्या डिस्कला यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर आपण होऊन हात लावत नाही, त्यामुळे मॉड्यूल अडवले की डिस्क मुळीच दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

प्रतिसाद

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी वीजपुरवठ्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते येथे एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष आहेत आणि ते एकच मानल्यामुळे गुंता वाढला आहे.

यूएसबी २ पोर्टने ५०० आणि यूएसबी ३ पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असे मानक सांगते. अडीच इंची डिस्कची तबकडी स्थिर अवस्थेतून फिरू लागते, त्या क्षणी तिला याहून अधिक प्रवाह लागू शकतो. लॅपटॉप जुना असेल, शेजारच्या पोर्टवर वीज ओढणारा स्कॅनर असेल, तर व्होल्टेज खाली येते, डिस्क थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. टक् असा आवाज आणि उणे ७१ ही त्रुटी या चित्रात चपखल बसते. आपण कोकणपट्टीत असाल, तर दमट हवेत पोर्टच्या पत्र्यांवर चढणारा थरही रोध वाढवतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या आणि डिस्क त्यावर लावा. स्कॅनर मात्र त्याच हबवर लावू नका. ‘टीएलपी’मधील यूएसबी ऑटोसस्पेंडही (वापरात नसलेले यूएसबी उपकरण आपोआप झोपवण्याची सोय) निदान प्रत निघेपर्यंत बंद ठेवा.

१९७ च्या आठाला मी मृत्यूची चाहूल मानणार नाही. हल्लीच्या डिस्कांचा एक भौतिक सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो, म्हणजे ५१२ बाइटांचे आठ सेक्टर. लिहीत असतानाच वीज कमी पडली, तर असा एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जाऊन न वाचता येण्याजोगा राहतो, आणि त्यावर पुन्हा लिहिले की बहुधा ठीक होतो. हा आकडा वाढतो का, हे पाहत राहा. वाढू लागला तर माझे मत बदलेल. १९९ हा क्रमांक यूएसबी केबलबद्दल काहीच सांगत नाही. तो पेटीच्या आत, डिस्क आणि ब्रिज चिप यांच्यामधील जोडणीतल्या त्रुटी मोजतो.

पेटी उघडण्याची घाई कृपया करू नका. काही अडीच इंची डिस्कांच्या सर्किटवर यूएसबीचे टोकच जोडलेले असते, साटाचे टोक तिथे नसतेच. काही पेट्यांमधील चिप माहिती सांकेतिक करून लिहिते, आणि काही चिपा ५१२ बाइटांचे सेक्टर ४०९६ बाइटांचे असल्याचे संगणकाला भासवतात. अशी डिस्क थेट जोडली, तर विभाजन-तक्ता जुळत नाही आणि पूर्ण धडधाकट डिस्क रिकामी दिसते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमानेच सर्व केले.

अडॅप्टरचा हब आणि यूएसबी २ पोर्ट वापरून प्रतिमा पूर्ण निघाली. मधे वीज गेली होती, पण नकाशा-फाइलमुळे काम जिथे थांबले तिथूनच पुढे गेले. अखेरीस केवळ ४०९६ बाइट न वाचलेले राहिले, म्हणजे आठाचा हिशेब तंतोतंत जुळला. हब लावल्यापासून टक् असा आवाज बंद झाला आहे. प्रत हाती आल्यावर यूएएस त्या डिस्कपुरते बंद केले, आणि आता यूएसबी ३ पोर्टवरही एक संपूर्ण अंक न अडखळता वाचला जातो. पेटी उघडलेली नाही.

त्यानंतर प्रतिमेची आणखी एक नक्कल करून तिच्यावर ‘ई२एफएससीके’ चालवले. बहुतेक फोल्डर शाबूत आहेत, मात्र एका नोंदवहीचे फोल्डर नाहीसे झाले असून तिची पाने ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींच्या फोल्डरात) पडली आहेत. त्यांची मूळ नावे गेली आहेत, नावाच्या जागी फक्त # हे चिन्ह आणि एक मोठी संख्या आहे. हस्तलिखितावर पृष्ठांक नाहीत. पानांचा क्रम परत मिळवण्याचा काही मार्ग आहे काय?

प्रतिसाद

आहे. ती संख्या म्हणजे त्या फाइलचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलप्रणालीत त्या फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा क्रमांक आहे. एकाच फोल्डरात ओळीने तयार झालेल्या फाइलींना ईएक्सटी४ बहुतेक वेळा चढत्या क्रमाने आयनोड देते. त्यामुळे फाइली त्या संख्येनुसार लावल्या, तर स्कॅन केल्याचा क्रम बऱ्याच अंशी परत मिळतो. मधे एखादे पान पुसून पुन्हा स्कॅन केले असेल, तर तेवढ्याच ठिकाणी क्रम चुकेल, कारण मोकळा झालेला आयनोड पुन्हा वापरला जातो. पडताळणीसाठी फाइल बदलल्याची वेळ पाहा. ती आयनोडमध्येच नोंदलेली असल्याने नाव गेले तरी शिल्लक राहते. दोन्ही क्रम जिथे जुळत नाहीत, तेवढीच पाने डोळ्यांनी तपासावी लागतील. नावे बदलण्याआधी त्या फोल्डराची यादी, आयनोड आणि वेळेसह, एका मजकूर-फाइलमध्ये काढून ठेवा. नक्कल करताना ‘सीपी’ला ‘-पी’ हा पर्याय द्या, नाहीतर सगळ्या पानांवर आजचीच वेळ पडेल.