भिंतीत टी-जोड दडवू नका, प्रत्येक नळाला वेगळी लाईन टाका : माझं मत, तुमचं सांगा

मांजराकाठ

लातूरला घर बांधायलो. खाली हॉल, किचन, एक खोली, वर दोन खोल्या, बाथरूम एकूण तीन. वीटकाम झालं, पुढच्या आठवड्यात पाईपच्या झिऱ्या, म्हणजे पाईप बसवायला भिंतीत खाचा, मारायच्यात आणि प्लंबिंगवरून घरात रोज वाद चालू आहे म्हणून इथं मांडतो.

माझं म्हणणं असं की टाकीतून एक जाड पाईप एका जागी आणायचा, तिथं मॅनिफोल्ड बसवायचा, म्हणजे एक जाड नळी आणि तिला आठ-दहा तोंडं, प्रत्येक तोंडाला स्वतःचा बॉल व्हॉल्व्ह, आणि तिथून प्रत्येक नळाला वेगळी लाईन. मधे कुठंही टी, म्हणजे एका पाईपातून दुसरा फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड, नाही. लाईटचा डीबी बॉक्स असतो ना, एका खोलीचं बटन पाडलं तरी बाकी घरात उजेड राहतो, तसा पाण्याचा डीबी.

हे डोक्यात कामून बसलं ते सांगतो. दोन वर्षांमागं भाड्याच्या घरात होतो, एप्रिल महिना, बोअर आटलेला, टँकरवर भागवत होतो. रात्री हजार लिटरची टाकी भरून झोपायचं आणि सकाळी बघावं तर पाऊण टाकी. दोन दिवस आम्ही फ्लशवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी आईनं बेसिनखाली हात लावून बघितलं, टाईलच्या सांध्यातून पांढरा लोणा फुगून आला होता कापसासारखा, बोटानं पुसला की खाली ओलं. प्लंबरनं तीन ठिकाणी भिंत फोडली तेव्हा शॉवरच्या लाईनीचा टी कॉलरपाशी चिरलेला सापडला. आणि तोवर दोन दिवस अख्ख्या घराचं पाणी बंद, कारण स्लॅबवर मेन कॉक एकच. आई बहात्तर वर्षांची, शेजारून कळशीनं पाणी आणत होती. विकत घेतलेलं पाणी भिंतीत मुरलं आणि घरात प्यायला नाही, ते मला अजून सहन होत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लातुरातच होतो. त्या गावात घर बांधायचं आणि गळती कुठंय ते कळायला भिंती फोडाव्या लागाव्यात हे मला पटत नाही.

पाना_पक्कड

दादा, तुमच्या आईला जो त्रास झाला तो खरा आहे, पण औषध चुकीचं सांगायलेत तुम्ही. मी अंबाजोगाई-केज भागात अठरा वर्षं प्लंबिंग करतो.

मॅनिफोल्ड ज्या देशात चालतो तिथं रस्त्यावरच्या लाईनलाच दाब असतो, चाळीस-पन्नास पीएसआय (दाब मोजायचं माप). तुमच्या स्लॅबवरच्या टाकीचा दाब किती? दहा फूट उंचीला सव्वाचार पीएसआय, बस. एवढ्याशा दाबात अर्ध्या इंचीच्या लांब लांब लाईनी ओढल्या तर वरच्या मजल्यावर शॉवर ठिबकतो. मग तुम्ही प्रेशर पंप लावणार, लाईट गेली की पुन्हा बादली.

दुसरं, सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा कडक प्लास्टिकचा पाईप, येतो तीन नाहीतर पाच मीटरचा आणि तो वाकत नाही. मॅनिफोल्डपासून मागच्या बाथरूमला जायला दोन कपलर (सरळ जोड) आणि चार एल्बो (वळणाचे जोड) तर लागतातच. टी गेला, एल्बो आले, जोड तर वाढलेच. वेटोळ्यात येणारा पेक्स, म्हणजे वाकणारा प्लास्टिक पाईप, घ्या म्हणाल तर त्याचं फिटिंग, त्याची जोडाची कडी दाबायचं क्रिम्पिंगचं हत्यार आमच्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, रात्री अकराला गळायला लागलं तर कुणाला बोलवाल? त्यात पेक्सला ऊन चालत नाही आणि उंदीर कुरतडतात.

आणि चार इंची भिंतीत शेजारी-शेजारी आठ झिऱ्या मारल्या की भिंत राहते का? मी मारणार नाही, स्पष्ट सांगतो.

परभणीची_लेक

माझा पाठिंबा मांजराकाठ दादांना, वेगळ्या कारणासाठी.

आमच्या स्लॅबवर पाणी तापवायचं सोलर आहे. तिथून एक इंची गरम लाईन खाली येते आणि तिलाच टी मारत मारत सगळीकडं फिरवली आहे. किचन शेवटी. सकाळी भांड्याला गरम पाणी पाहिजे तर आधी थंड पाणी सोडून द्यावं लागतं. एक दिवस मी मोजलं, मोजायच्या मगानं, सव्वाचार लिटर गेल्यावर कोमट आलं. रोज सकाळ-संध्याकाळ. मी ते बादलीत धरते, फरशीला वापरते, पण पाहुणे आले, सून माहेरी गेली, कुणाच्या लक्षात राहतं? किचनला बारीक स्वतंत्र लाईन असती तर एवढं पाणी पाईपात बसलंच नसतं.

गोदातीर

नांदेडहून. सिव्हिल इंजिनियर आहे, घरांचीच कामं करतो. आकडे घेऊन बोलू, नाहीतर हा वाद संपायचा नाही.

ताईंचा हिशोब बरोबर आहे. एक इंची सीपीव्हीसीच्या एका मीटरमध्ये साधारण ४३० मिली पाणी बसतं, अर्धा इंचीत साधारण १२०. दहा मीटरला सव्वाचार लिटर विरुद्ध सव्वा लिटर. पण याची दुसरी बाजू पण बघा. एकाच लाईनवर दोन बाथरूम असतील तर पहिल्याची आंघोळ झाल्यावर दुसऱ्याला लगेच गरम मिळतं, पाईप तापलेलाच असतो. प्रत्येक नळाला वेगळी लाईन म्हणजे प्रत्येकानं आपापलं थंड पाणी सोडायचं. सहा माणसांच्या घरात, सकाळी एका तासात सगळ्यांच्या आंघोळी, तिथं फायदा बराचसा संपतो. किचनसाठी मात्र स्वतंत्र गरम लाईन मी नेहमीच टाकायला लावतो.

आता दाब. पाना_पक्कड भाऊंचं निम्मं बरोबर. अर्धा इंची सीपीव्हीसीतून मिनिटाला सहा लिटर चालवलं तर १५ मीटरच्या लांबीत घर्षणालाच एक मीटरच्या वर उंची, म्हणजे टाकीच्या उंचीनं मिळणारा तेवढा दाब, खर्च होते, एल्बो वेगळे. टाकी चार फुटांच्या स्टँडवर आणि शॉवर वरच्या मजल्यावर असेल तर मिळणारी उंचीच दोन-सव्वादोन मीटर असते, त्यातली अर्धी इथंच संपली. पण तेच १५ मीटर पाऊण इंचीत टाका, घर्षण वीस सेंटिमीटरच्या आत येतं. म्हणजे दोष मॅनिफोल्डचा नाही, पाईपच्या साईजचा आहे. पाऊण इंची नळापर्यंत न्या, शेवटच्या मीटरभरात अर्धा इंची करा.

एक गोष्ट मात्र कुणी बोललंच नाही, एअरलॉक. मॅनिफोल्ड खाली जिन्याखाली ठेवला, लाईनी फरशीखालून नेल्या आणि परत वर चढवल्या, किंवा छताला खालीवर होत नेल्या, तर प्रत्येक उंचवट्यावर हवा बसणार. टाकीच्या दाबाला ती हवा ढकलता येत नाही. टाकी भरलेली आणि नळाला फुसफुस, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आठ लाईनी म्हणजे आठ जागी ही भीती.

जुना_मोंढा

मी जालन्याचा, वय ६८. तुम्ही सगळे शिकलेले आहात पण पाण्याकडं कुणी बघेना गेलंय.

आमचं घर ९८ सालचं, जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप. मागच्या वर्षी बदलला तेव्हा कापलेला एक तुकडा मी जपून ठेवलाय. बाहेरून अर्धा इंची, आत बघावं तर पिवळट पांढऱ्या क्षाराचा थर, मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक. बोअरच्या पाण्यानं हे होतं. प्लास्टिकच्या पाईपात एवढा थर धरत नाही हे मान्य, पण व्हॉल्व्हमध्ये धरतो. माझ्या मुलानं हौसेनं दहा कॉक बसवले होते. चार वर्षं कुणी हात लावला नाही आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी दहातले सहा फिरेनात, एकाची मूठ हातात आली. तुमचा पाण्याचा डीबी चार वर्षांनी असाच जाम होऊन बसणार.

माझं ऐकाल तर भिंतीत काही घालूच नका. पाईप बाहेरून, उघडा, क्लॅम्पवर. गळाला तर दिसतो, अर्ध्या तासात बदलून होतो. दिसायला वाईट दिसतं, दिसू द्या.

मांजराकाठ

काका, उघड्या पाईपचं मी पण म्हणालो होतो, पण आमच्या दोन बाथरूम पश्चिमेला आहेत. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला त्या भिंतीवरच्या पाईपातलं पाणी दुपारी हात भाजेल असं निघतं, शेजारी बघतोय. आणि सीपीव्हीसीला पण रोजचं ऊन बाधतं, रंग द्यावा लागतो, तो दर दोन-तीन वर्षांनी कोण देणार. व्हॉल्व्ह जाम होतात हे मात्र तुमचं एकशे एक टक्का बरोबर. महिन्यातून एकदा, टाकी धुतो त्या दिवशी, सगळे कॉक बंद-चालू करायचे हा नियमच घालतो.

पाना_पक्कड भाऊ, जोड वाढतात म्हणता. वाढू द्या, पण मला जोडांची संख्या कमी करायची नाही, मला गळती *कोणत्या* लाईनीत आहे ते भिंत न फोडता कळलं पाहिजे. मिनिटाला १०० मिली गळालं तरी दिवसाला १४४ लिटर होतात, आमच्या आईचं दोन दिवसांचं सगळं पाणी. आठ व्हॉल्व्ह असतील तर रात्री सगळे बंद करायचे, टाकीला खडूनं रेघ मारायची, मग एकेक उघडायचा. ज्या रात्री रेघेखाली पाणी उतरलं ती लाईन धरली. ती एक बंद ठेवायची, बाकी घर चालू. हे तुमच्या एका मेन कॉकवर करून दाखवा.

पाना_पक्कड

करून दाखवतो की. त्यासाठी खाली मॅनिफोल्ड कशाला पाहिजे?

आम्ही गच्चीवर हेडर टाकतो. टाकीतून दीड इंची निघते, स्लॅबवर आडवी फिरते, आणि तिच्यातून प्रत्येक बाथरूमला, किचनला एकेक उतार खाली. प्रत्येक उताराला वरच बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन, म्हणजे पाईप न कापता खोलता येणारा जोड. झालं तुमचं वेगळं-वेगळं. पाणी सगळं वरून खाली येतं म्हणून दाब पण पुरतो आणि हवा पण अडकत नाही, भिंतीत आठ झिऱ्या नाहीत, एका बाथरूमला थंडची एक. बाथरूमच्या आत दोन-तीन टी राहतील ते राहू द्या.

खरं सांगायचं तर लोकांनाच व्हॉल्व्हचे पैसे जड जातात. नऊ व्हॉल्व्ह लिहून दिले की मालक म्हणतो चार काढा. टाईल मात्र भारीतली पाहिजे. तुमच्या भाड्याच्या घरात एकच कॉक होता ना, तो मिस्त्रीनं नाही ठरवला, तो घरमालकानं ठरवला.

गोदातीर

हेडर म्हणजे गच्चीवरचा मॅनिफोल्डच झाला की भाऊ. नळागणिक नाही, बाथरूमगणिक. आपल्या टाकीच्या घरांना मला तरी हेच योग्य वाटतं. फक्त हेडर उन्हात असतो, त्याला झाका किंवा रंग द्या, आणि क्लॅम्प एकदम आवळू नका. १० मीटर सीपीव्हीसी ४० अंशाच्या फरकानं अडीच सेंटिमीटरच्या वर लांबतो, गरम लाईन तर रोज. तुमचा तो टी कॉलरपाशी चिरला म्हणालात, बघितल्याशिवाय खात्री नाही, पण दोन्हीकडून सिमेंटात घट्ट बसलेली गरम लाईन असेल तर असं होतं.

परभणीची_लेक

एक राहिलं. आमच्याकडं दोन पाणी आहेत, नळाचं आणि बोअरचं, तुमच्याकडं पण असतीलच. फ्लशला, धुण्याला, अंगणाला बोअरचं, किचनला नळाचं. मॅनिफोल्डवर दोन्ही जोडून मधे एक व्हॉल्व्ह ठेवू असा विचार आमच्या ह्यांनी केला होता, पाहिजे तेव्हा फिरवू म्हणून. करू नका तसं. व्हॉल्व्ह कधीतरी अर्धवट राहतो आणि बोअरचं पाणी प्यायच्या लाईनीत जातं. टाकी वेगळी, हेडर वेगळा, कुठंच जोड नको.

जुना_मोंढा

हे बाईंनी लाखाचं सांगितलं. बाकी माझं मत तेच, पाईप भिंतीबाहेर. रंगाला दोनशे-चारशे रुपये लागतात, भिंत फोडायला किती लागतात ते मांजराकाठनं आधीच भोगलंय.

मांजराकाठ

काका, मागच्या डक्टच्या, म्हणजे पाईपसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेच्या, बाजूला जेवढं उघडं ठेवता येतंय तेवढं ठेवतो, तिथं ऊन नाही. उरलेलं भिंतीत.

आज दुपारी स्लॅबवर जाऊन खडूनं आखलं. दोन टाक्या, दोन हेडर. नळाच्या पाण्याचे चार उतार : तीन बाथरूमचे बेसिन-शॉवर आणि एक किचन. बोअरचे चार : तीन फ्लश आणि मागची धुण्याची मोरी. सोलरची किचनला अर्धा इंची स्वतंत्र, बाथरूमना पाऊण इंची. गरमचे दोन व्हॉल्व्ह धरून दहा. माझी नळागणिक लाईनीची जिद्द मी सोडली, पण आईच्या खालच्या बाथरूमला मी भिंतीत एकही टी ठेवणार नाही, तिथं तीन लाईनी वेगळ्याच नेतो, झिरी नाही, डक्टमधून. पाना_पक्कड भाऊ, यावर ओरडू नका.

एक विचारायचंय, हेडरला हवेचा पाईप कुठं काढायचा? आमचा मिस्त्री म्हणतो गरजच नाही.

पाना_पक्कड

डक्टमधून नेताय तर ओरडत नाही.

हवेचा पाईप लागतोच. व्हॉल्व्ह बंद केला की खालच्या उतारातलं पाणी आत हवा खेचतं, वाट नसेल तर नळ गुरगुरतो. प्रत्येक उताराच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या *खालच्या* अंगाला अर्धा इंची उभा पाईप, टाकीच्या झाकणापेक्षा फूटभर उंच, वर दोन एल्बो मारून तोंड खाली वळवायचं आणि जाळी बांधायची, नाहीतर गांधीलमाशी घर करते. सोलरच्या गरम लाईनला पण वेगळा, तो सोलरच्या टाकीच्याही वर गेला पाहिजे.

आणि प्लास्टरच्या आधी हातपंपानं १० बार दाब देऊन तासभर काटा बघा. काटा हलला तर मिस्त्रीला जेवायला पण सोडू नका. झिरी बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप लावून, फरशीपासून किती इंचावर पाईप आहे ते आकडे दिसतील असे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी लातूरला येतोय, गंजगोलाईत फिटिंग घ्यायला. पत्ता निरोपात पाठवा, टेस्टिंग लावून ठेवा, काटा मी पण बघतो.