मिस्टर घोरताना मधेच श्वास थांबतो, आधी नाकाचं ऑपरेशन की आधी टेस्ट?

शाहूपुरीची_सून
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय सांभाळून घ्या. आमचे मिस्टर ४७ वर्षांचे, कागल एमआयडीसीत शिफ्टला असतात, पोरगेपणी तालमीत होते त्यामुळं अंगानं दणकट, आता तालीम सुटली पण जेवण काय कमी झालं नाही. घोरणं लग्नापासूनच आहे, त्याचं काय वाटत नव्हतं. पण दिवाळीपासून वेगळंच चाललंय, जोरात घोरतात, मग एकदम गप्प, पोट छाती हलताना दिसते पण नाकापुढं बोट धरलं तर वारा लागत नाही, आणि मग दचकून मोठ्ठा श्वास घेतात आणि परत चालू. सकाळी विचारलं की म्हणतात मला काय झालंय, मस्त झोपलो की. मस्त कसलं, उठल्यावर डोकं जड, रात्रीतनं दोनतीनदा लघवीला जातात, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. सासूबाई म्हणतात दमलेला माणूस घोरतोच. मला खरी धास्ती गाडीची वाटते, परवा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला चक्क डुलकी लागली, मागनं हॉर्न वाजले तेव्हा जागे झाले.
नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरांनी सांगितलं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करूया. झोपताना लावायचं श्वासाचं मशीन विकणारा एकजण म्हणतोय झोपेची टेस्ट कशाला, मशीनच घेऊन टाका. नक्की आधी काय करू?

तालमीतला_पोरगा
वहिनी, जुने पैलवान म्हणजे मान जाड असणारच. शर्टाची कॉलर किती आहे बघा जरा. आमच्या तालमीत एक वस्ताद दुपारचे आडवे झाले की पोरं बाहेर जाऊन बसायची, सगळे हसायचे, पुढं त्यांना पण हेच निघालं 🙏

झोपलॅबवाला
ताई, मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं औषध सांगत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठलाही छातीचा डॉक्टर पहिल्यांदा झोपेची टेस्टच सांगेल, स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे का ते बघायला.
कॉलर उगाच विचारलेली नाही. आमच्याकडं पेशंट आला की आठ प्रश्न विचारतात: मोठ्यानं घोरतो का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर का, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड का, आणि पुरुष आहे का. तीन हो आले तर संशय, पाच किंवा जास्त आले तर चांगलाच संशय. तुमच्या मिस्टरांचे मान न मोजताच पाच झाले बघा.
आता होतं काय, तर झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते. जाड मिल्कशेक जोरात ओढला की स्ट्रॉ कशी चपटी होऊन चिकटते, तसा घसा आत ओढला जातो. अर्धवट बंद झाला की घोरण्याचा आवाज, पूर्ण बंद झाला की ती तुम्हाला दिसते ती शांतता. छाती ओढत असते पण वाट बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दोनचार सेकंद जागा करतो आणि घसा उघडतो. हे जागं होणं पेशंटला सकाळी आठवतच नाही म्हणून तो म्हणतो मस्त झोपलो. प्रत्येक वेळी ॲड्रेनलिन उसळतं, त्यातनं बीपी चढतं आणि गोळ्यांना दाद देत नाही. लघवीचं पण तेच, छातीत ओढ बसून हृदयावर ताण येतो, हृदय एक हार्मोन सोडतं आणि किडनी जास्त पाणी काढते. किती जण प्रोस्टेट समजून वर्षानुवर्षं गोळ्या खात असतात.
नाकाच्या हाडाबद्दल, अडथळा घशात असेल तर नुसतं नाक सरळ करून ॲप्निया जात नाही. नाक मोकळं झालं तर मशीन सोसायला मदत होते, त्यासाठी करतातही, पण आधी टेस्ट होऊ दे. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञाला हे घोरणं आवर्जून सांगा, भुलीत आणि भुलीनंतर असल्या पेशंटचा घसा जास्त बंद पडतो.
टेस्टमध्ये किमान १० सेकंद श्वास थांबला की एक घटना धरतात, हवा बरीच कमी होऊन ऑक्सिजन पडला तरी धरतात. तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ पर्यंत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढं तीव्र. घरी करायची टेस्ट पण असते, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाला नळी. तुमच्यासारख्या केसला बहुतेक ती पुरते. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार असेल तर लॅबमध्ये झोपवून डोक्याला वायरी लावून केलेली बरी. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याच्या छातीविकार ओपीडीत पण चौकशी करून बघा.
आणि टेस्ट होईपर्यंत हायवेला त्यांना गाडी देऊ नका. भांडण झालं तर होऊ दे.

राजारामपुरी_९वी_गल्ली
मी मशीन वापरतो, सीपॅप. टेस्टशिवाय मशीन घ्या म्हणणाऱ्याला लांबनंच नमस्कार, कारण मशीन लागतं का ते टेस्टवर ठरतं, आणि काहींना दुसऱ्या जातीचा ॲप्निया असतो, मेंदूकडनंच श्वासाचा हुकूम येत नाही, त्याला उपचार वेगळा. मशीन ऑक्सिजन देत नाही हे घरच्यांना आधी समजावा, आमच्या आईला वाटलं मी आता सिलिंडरवर गेलो, गल्लीभर बातमी. साधी खोलीतलीच हवा दाबानं सोडतं, घसा आतनं उघडा धरून ठेवतं, बास. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान डॉक्टरांनी १९८० मध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी लावून पहिल्यांदा हे केलं, ८१ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलं.
सुरुवातीला कोंडल्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू. दुपारी टीव्ही बघताना नुसता मास्क लावून बसा, मग सवय होते. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात) नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड घाला. शक्य असेल तर आधी भाड्यानं घ्या. पण हे चष्म्यासारखं आहे, काढलं की परत पहिलंच.

पन्हाळा_रोड
एवढं मशीन कशाला, शंख फुंका म्हणावं. मी वाचलंय, जयपूरच्या डॉक्टरांनी प्रयोग केलाय.

झोपलॅबवाला
केलाय, खोटं नाही. २०२५ मध्ये छापून आला, पण माणसं होती ३०, मध्यम ॲप्नियाची. सहा महिने आठवड्यातनं निदान पाच दिवस थोडा वेळ शंख फुंकून दिवसाची झोप कमी झाली आणि तासाला चारपाच घटना कमी झाल्या. घशाला व्यायाम होतो, जरूर फुंका. पण ज्याचे तासाला ४० होतात त्याचे ३५ झाले तर तो अजून तीव्रच की. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणात हाच आजार सांगितला होता, तेव्हा दोनचार महिने टेस्टला रांग होती, मग सगळे विसरले.
सौम्य-मध्यमला दाताच्या डॉक्टरांकडनं खालचा जबडा पुढं धरणारं साधन मिळतं, ते चालतं. ऑनलाइन मिळणाऱ्या नाकातल्या चुंबकाच्या रिंगा मात्र म्हणजे पैसे वाया. वजन १० टक्के उतरलं तरी आकडा चौथा हिस्सा तरी उतरतो असं साधारण धरतात. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिरझेपटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनला लठ्ठपणा आणि मध्यम-तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी मंजुरी मिळालीय, पण ते डॉक्टरांशी बोलूनच. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही घसा सैल करतात. रविवारी रात्री ११ ला तांबडा-पांढरा आणि त्यावर दोन पेग, हा प्रकार बंद.

शाहूपुरीची_सून
सगळ्यांचे आभार. घरीच टेस्ट झाली. एएचआय ३८ आला, ऑक्सिजन एकदा ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला, रिपोर्ट बघून सासूबाई गप्प झाल्या. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं नाकाचं नंतर बघू, आधी मशीन, आणि कामावर कंपनीच्या बसनं जा. आता अडचण वेगळीच, मिस्टरांना भरघोस मिश्या आहेत, तोंडानाकावरचा मास्क लावला की कडेनं वारा सुटतो आणि शिट्टी वाजते. काढणार नाही म्हणतात.

तालमीतला_पोरगा
मिशी काढायची नाही!! मशीन बदला 😂

राजारामपुरी_९वी_गल्ली
मशीन नाही रे, मास्क बदलायचा. वहिनी, नेझल पिलो मागा, दोन मऊ बोंडं नाकपुड्यांना लागतात, मिशीवर काही टेकत नाही. फक्त तोंड उघडं ठेवून झोपत असतील तर त्यातनं हवा जाते, मग हनुवटीचा पट्टा लावून बघा. नाक बंद असेल तर मात्र ते चालणार नाही, तेव्हा वाकड्या हाडाचा विषय डॉक्टरांकडं परत काढा. दुकानदार म्हणेल एकच साइज आहे, ऐकू नका, साधारण तीन साइज येतात, तिन्ही लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.