मानेला हिसका बसल्यावर लिगामेंटचा खास एमआरआय काढावा का?

क्षकिरणवाला: गाडीला मागून ठोकर बसली, सहा महिने झाले तरी मान धरलेलीच. अशा माणसाला हल्ली कुणीतरी सुचवतं, वरच्या मानेच्या लिगामेंटचा, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा, खास एमआरआय काढा. माझं मत: हाड शाबूत, हातापायांत मुंग्या नाहीत, ताकद ठीक, तर काढू नका.

हे खूळ आलं नॉर्वेतल्या बर्गनहून. दुसऱ्या मणक्याचा सुळका वर येतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी कवटीच्या तळाला जाणारे सेंटिमीटरभराचे पट्टे म्हणजे अ‍ॅलार लिगामेंट. डोकं हद्दीबाहेर फिरू नये म्हणून हा लगाम. निरोगी लिगामेंट एमआरआयमध्ये काळं दिसतं. २००२ च्या सुमारास बर्गनकरांनी त्यातल्या पांढरेपणाला ० ते ३ अशा श्रेणी दिल्या. दोन तृतीयांश छेद पांढरा असला की थेट ३. मग २००८ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या गटाला अपघात न झालेल्यांच्या मानेतही तेच पांढरेपण सापडलं. पुढे खुद्द बर्गनमध्ये ताज्या हिसक्याचे रुग्ण तपासले, तिथेही अपघात न झालेल्यांपेक्षा वेगळं काही निघालं नाही. मग पांढरं म्हणजे फाटलं, हे कशावरून?

मानमोडी: तुम्हाला बोलायला काय जातं? माझ्या नणंदेला रिव्हर्स घेता येत नाही, मान वळतच नाही. साधा एमआरआय नॉर्मल आला आणि डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." म्हणजे बाई नाटक करतेय! आणि धडकेच्या क्षणी मान वळलेली होती अशांत हे बदल जास्त, हे बर्गनच्याच २००५ च्या पेपरात आहे. ते सोयीस्कर गाळलंत.

ओस्लोकर: लिथुआनियाचा अभ्यास बघा, १९९६, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. मागून ठोकर बसलेले २०२ जण, एक ते तीन वर्षांनी विचारलं. मानदुखी ३५ टक्के. अपघात न झालेल्यांत ३३. तिथे दुखण्यासाठी अपघाताची भरपाई मागण्याची भानगड जवळपास नव्हतीच.

मानमोडी: त्या २०२ पैकी बहुतेकांची मान अपघातानंतरही दुखली नव्हती! न दुखलेल्यांचं दुखणं टिकलं नाही, हा कसला शोध?

क्षकिरणवाला: हा मुद्दा रास्त. पण २००५ चा निष्कर्षही त्याच श्रेणींवर उभा आहे. तंतू चुंबकक्षेत्राशी साधारण ५५ अंशांत आले की धडधाकट लिगामेंटही उजळ दिसतं, त्याला मॅजिक अँगल म्हणतात. एवढ्याशा पट्ट्यात शेजारची चरबीही त्याच चित्रात मिसळते. नणंदबाईंचं दुखणं खोटं असं मी म्हटलेलं नाही. फोटो त्याचा पुरावा नाही, एवढंच.

फिजिओताई: सरसकट "काढू नका" म्हणू नका हो. जुन्या आमवातात सुळक्यामागचं ट्रान्सव्हर्स लिगामेंट सैल पडतं. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेत पहिला मणका आणि सुळका यांत ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसली, तर मज्जारज्जू दबतोय का हे एमआरआयमध्येच कळतं. अशांना भूल देतानासुद्धा मान जपावी लागते.

क्षकिरणवाला: तिथे वादच नाही. मी अपघातानंतरच्या अ‍ॅलारबद्दल बोलतोय. नणंदबाईंनी मान हलती ठेवावी, गळ्याला कॉलर लावून बसू नये.

मानमोडी: बरं, एमआरआय नको. पण ऑफिसात रजेच्या अर्जावर काय लिहायचं? तिथे रिपोर्टशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही.