चान्सेनकार्टसाठी द्राक्षबाग तारण ठेवायची? माझं मत: अजिबात नाही

सातपूरचा सेटर
मंडळी लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. माझा पुतण्या, डिप्लोमा मेकॅनिकल, नाशिकच्या अंबडला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) पाचेक वर्षं झाली, हात चांगला आहे, सेटिंग प्रोग्रामिंग दोन्ही येतं. त्याच्या डोक्यात जर्मनी बसलंय. ऑफर-बिफर काही नाही, ते चान्सेनकार्ट, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचं जर्मनीचं कार्ड, जून २०२४ पासून सुरू झालंय ना, त्याच्यावर जायचं आणि वर्षभरात तिथेच नोकरी शोधायची असा बेत. आता त्या कार्डासाठी वर्षाचा खर्च आधी ब्लॉक्ड अकाउंटला भरून दाखवावा लागतो, महिन्याला १०९१ युरोच्या हिशोबाने १३,०९२ युरो, म्हणजे युरो शंभरला धरला तरी तेरा लाखांच्या वर. शिवाय एजंटची फी अडीच लाख, तिकीट, विमा, जर्मनचा क्लास हे वेगळंच. भाऊ पिंपळगावजवळची दोन एकर बाग तारण ठेवून पतसंस्थेतून उचलायला निघालाय.

मागच्या आठवड्यात त्यांच्यासोबत त्या एजंटच्या ऑफिसात गेलो होतो, कॉलेज रोडला. त्याने आमच्यासमोर कागदावर महिन्याचा पगार लिहिला, ३२०० युरो गुणिले १०० बरोबर ३,२०,०००, आणि त्या आकड्याला पेनाने दोनदा गोल केला. कर नाही, विमा नाही, भाडं नाही, वजाबाकीचं नाव नाही. भाऊ आपला त्या गोलाकडेच बघत बसला.

माझं म्हणणं सरळ आहे, ऑफर हातात पडली तर खुशाल जा, मी स्वतः मुंबईपर्यंत सोडायला येतो. पण कर्ज काढून परदेशात नोकरी शोधायला जायचं म्हणजे जुगार आहे. पटत नसेल तर बोला.

स्टुटगार्टचा पाहुणा
दादा, मूळचा सिडकोचा मी, आणि नाही पटत. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काही फी नाहीये, पैसे पोराच्याच नावावर असतात, दर महिन्याला १०९१ सुटतात आणि त्यातच तो राहतो-खातो. तुम्ही सगळी रक्कम बुडीत खात्यात टाकून हिशोब करताय. आणि तिथे नुसतं बसून शोधायचं नसतं, आठवड्याला २० तास पार्टटाइम चालतं. किमान वेतन २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, महिन्याचे बाराशेच्या आसपास होतात, कापून हातात हजारभर येतात, शेअरिंगमध्ये राहिला तर ब्लॉक्डला फार हात लावावा लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोलत नाही ते म्हणजे ट्रायल. या कार्डावर एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत काम करून दाखवता येतं. इकडे पन्नास-साठ माणसांच्या मशिनिंगच्या कंपन्या खेडोपाडी आहेत, त्यांचे मालक नाशिकहून आलेला मेल उघडूनसुद्धा बघत नाहीत. तोच पोरगा समोर उभा राहिला, ड्रॉइंग वाचून जॉब लावला, मापात काढून दिला, की बोलणंच बदलतं. ऑफर घेऊनच जा म्हणायला काय जातंय, ती ऑफर अंबडमध्ये बसून येणार कुठून ते पण सांगा ना.

सातपूरचा सेटर
पैसे त्याच्या नावावर असतात हो, पण ते त्याचे नाहीत ना, पतसंस्थेचे आहेत, चौदा टक्क्याने! तो तिकडे महिन्याला १०९१ खाणार आणि भाऊ इकडे हप्ता भरणार. तेरा लाखांचं वर्षाचं नुसतं व्याजच एक लाख ऐंशीच्या पुढे जातं. आणि हप्ता कशाच्या जिवावर, तर बागेच्या. निफाड-पिंपळगावचं कोणी असेल तर सांगा यांना, माल काढायच्या आठवड्यात गारपीट झाली की काय उरतं ते. कार्ड वर्षाचं, पण कर्ज पाच वर्षांचं.

अंबड थर्ड शिफ्ट
काका राग मानू नका पण तुम्ही परमनंट आहात म्हणून हे सुचतंय. आम्ही इथे कॉन्ट्रॅक्टवर, सात महिने भरत आले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच मशीन तोच ऑपरेटर. हातात अठरा-एकोणीस हजार. पाच वर्षं झाली तरी अनुभवाचा कागद मागितला की ठेकेदार म्हणतो बघू. यात जुगार नाहीये का? फक्त हळूहळू हरतोय म्हणून कोणाला दिसत नाही. आणि पासपोर्ट छापतात आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, वापरायचा म्हटलं की घरचेच आडवे येतात 😅 जाऊ द्या पोराला.

परत आलेला
मी त्या कार्डावर जाऊन परत आलोय म्हणून चार ओळी. स्टुटगार्टवाल्यांनी एक गोष्ट सोडली आणि एजंट तर ती सोडतोच. कार्ड हे नोकरी शोधायचं परमिट आहे, नोकरी करायचं नाही. नोकरी सापडली की दुसरं परमिट घ्यावं लागतं आणि खरी अडचण तिथे येते. आपल्या डिप्लोम्याला किंवा आयटीआयला तिथली मान्यता आधी काढलेली नसेल तर अनुभवाच्या जोरावर परमिट मिळतं, पण त्याला पगाराची अट आहे. २०२५ ला ती वर्षाला ४३,४७० युरो होती, दरवर्षी वाढते. आता तुमच्या एजंटचे ३२०० गुणिले १२ करा, ३८,४०० होतात. म्हणजे त्याने गोल करून दाखवलेला पगार मिळाला तरी परमिटला कमी पडतो!

मला दोन ठिकाणी काम मिळत होतं, एक गोडाऊनमध्ये आणि एक पॅकिंगला. दोन्ही कुशल कामात धरत नाहीत, त्यावर परमिट नाही. मशिनवर घ्यायला तयार असलेल्यांनी पहिला प्रश्न जर्मनमध्ये विचारला आणि माझं जर्मन एवन, म्हणजे भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पायरी. सुपरवायझर भला माणूस होता, हळू बोलत होता, पण मशीन बंद पडल्यावर कोण हळू बोलतं?

स्टुटगार्टचा पाहुणा
पगाराची अट बरोबर आहे पण अर्धी सांगितली. कंपनी टॅरिफमध्ये असेल, म्हणजे युनियनच्या करारात, तर त्या कराराप्रमाणे पगार दिला की चालतो, तो ४३ हजारांचा आकडा तिथे आडवा येत नाही, आणि आमच्या भागात मेटलमधल्या बऱ्याच कंपन्या करारात आहेत. शिवाय मार्च २०२४ पासून मान्यतेची भागीदारी असा एक प्रकार आहे, कंपनीशी करार करायचा, काम करता करता मान्यता काढायची, त्याला जर्मन एटू, म्हणजे एवनच्या वरची पायरी, पुरतं. त्यामुळे दार बंद आहे असं चित्र उभं करू नका.

बाकी त्या ३२०० चं खरं सांगतो. अविवाहित माणसाच्या हातात साधारण एकवीस-बावीसशे पडतात, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा, कर सगळं आधीच कापून. पुतण्याचं लग्न झालं असेल आणि बायको नाशिकला राहणार असेल तरी तिथला टॅक्स क्लास एक नंबरचाच लागतो, तीन नंबरचा स्वस्तातला क्लास बायको तिकडे राहायला आल्याशिवाय नाही, यावर पोरं दर वेळी फसतात. आणि या कार्डावर बायकोला सोबत नेता येत नाही ते वेगळं. घराला डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात, कायद्याने ते तीन हप्त्यांत द्यायची सोय आहे पण नवीन माणूस घाबरून एकदम देऊन टाकतो. घरात टीव्ही असो नसो, टीव्ही-रेडिओच्या फीचे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, तो नोंदवला की टॅक्स नंबर येतो, तो वेळेत नाही दिला तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कापतात. हे सगळं धरूनही माझे पैसे उरतात. पहिल्या वर्षी नव्हते उरत.

शारजावाला
एवढा उपद्व्याप कशाला राव. गल्फला या. कंपनी व्हिसा काढते, राहायला देते, पगाराला इन्कम टॅक्स नाही, आकडा येतो तोच हातात. सोडताना ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पुढे ३० दिवसांचा. बाग तारण ठेवायचा प्रश्नच येत नाही. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि जीएसटीच्या वर एक रुपया मागता येत नाही, तुमचा तो कॉलेज रोडवाला अडीच लाख कशाचे घेतोय?

ओझरकर
शारजावाले दादा, बेसिक हा शब्द हळूच टाकलात. माझ्या मेव्हण्याला २२०० दिरहॅम होते, त्यात बेसिक ८००, बाकी अलाउन्स, मग ग्रॅच्युइटी कितीवर निघाली विचारा. आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, तो ठेवून घेणं बेकायदा आहे हे त्यालाही माहीत आणि कंपनीलाही. वीस वर्षं राबलं तरी तिथे तुम्ही व्हिसावरच. जर्मनीत निदान पाच वर्षं पेन्शन भरली की म्हातारपणी हक्क लागतो.

शारजावाला
मेव्हण्याने सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वाचलं होतं का? मी वाचलं होतं. नाशिकला दोन मजली घर झालं, कर्ज शून्य. हक्क-बिक्क तुम्ही बघा.

बिटको चौकातली सिस्टर
मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि जर्मनचा बीवन (एटूच्या वरची पायरी) झालाय, त्याच्या वरचा बीटू चालू आहे. सेटर भाऊ, तुमचं मत मला पटतं पण कारण नाही पटत. पैशापेक्षा भाषेचा प्रश्न मोठा आहे. कार्डाच्या गुणांचा तक्ता बघा, सहा गुण लागतात. पस्तिशीच्या आत वय आहे त्याचे दोन, सातपैकी पाच वर्षं अनुभव असेल तर तीन, एटूचा एक, झाले सहा. एजंटला तेवढंच पाहिजे, अर्ज पास. पण परत आलेल्या दादांनी सांगितलं तसं एटूवर मशिनसमोर उभं राहता येत नाही. बीवनपर्यंत इथेच करा, वर्ष जाईल, क्लासला पन्नास-साठ हजार लागतील, बाग तारण ठेवावी लागणार नाही. आमच्या क्लासच्या दोघी करार घेऊनच गेल्या, व्हिडिओवर मुलाखत झाली, तिकीटसुद्धा हॉस्पिटलने दिलं.

फेब्रुवारी २०२४ ला आपल्या राज्य सरकारचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मनीतल्या राज्याशी करार झालाय १० हजार लोक पाठवायचा, त्यात मोफत जर्मन शिकवणार होते. त्याची वाट बघण्यात मात्र वेळ घालवू नका, माझ्या ओळखीत तरी त्यातून कोणी गेलेलं नाही.

स्टुटगार्टचा पाहुणा
ताई, नर्सची गोष्ट वेगळी आहे, नर्सला हॉस्पिटलं शोधत येतात. सेटरला कोण तिकीट देतंय? बीवनचं मात्र शंभर टक्के मान्य.

गंगापूर रोड हिशोबनीस
कोणाची बाजू घेत नाही, फक्त पैशाचं सांगतो कारण इथे सगळे व्हिसावर बोलतायत. एका आर्थिक वर्षात एका माणसाने १० लाखांच्या वर बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. शिक्षणाला दर कमी आहे पण हे शिक्षण नाही, नोकरी शोधणं आहे, बरेच जण फॉर्मवर चुकीचा कोड टाकतात. १३ लाख एकदम पाठवले तर ६० हजार अडकतील. जात नाहीत, रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण कर्जाच्या पैशातले वर्षभर अडकले तर त्यावरही चौदा टक्के चालूच. जमत असेल तर काही रक्कम मार्चमध्ये आणि बाकी एप्रिलमध्ये पाठवा.

दुसरं, नोकरीसाठी बाहेर गेला की इथलं साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, एनआरओ, म्हणजे इथल्या पैशासाठीचं एनआरआय खातं, करून घ्यावं लागतं. तिथला पगार इकडे पाठवायचा तर एनआरई, म्हणजे बाहेरच्या कमाईसाठीचं खातं, उघडा, त्याच्या व्याजावर इथे कर नाही, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस कापूनच येतो. आधीचं पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू द्या, नवीन उघडता येत नाही.

सातपूरचा सेटर
हे टीसीएसचं एजंट बोललाच नाही. बरं साहेब, भाऊ विचारतोय की पोरगा बाहेर गेला तर सातबाऱ्याला त्याचं नाव लागायला पुढे अडचण येते का?

गंगापूर रोड हिशोबनीस
वारसाने आली तर काही अडचण नाही, ठेवता येते. एनआरआय झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढंच. त्यामुळे शेजारचा एकर घ्यायचा विचार असेल तर भावाच्या नावावर घ्या.

अंबड थर्ड शिफ्ट
शेजारचा एकर घ्यायचे पैसे असते तर तो जर्मनीला कशाला निघाला असता साहेब 😂

परत आलेला
सेटर दादा, एक काम करा, एजंटकडे परत जाणार असाल तर अडीच लाखात नक्की काय काय येतं ते लेखी मागा. अर्ज स्वतःचा स्वतः ऑनलाइन करता येतो, डिप्लोम्याची तपासणीही आपणच मागवता येते. मी सगळं स्वतः केलं होतं, तिथे काही अडलं नाही. अडलं ते भाषेला.

सातपूरचा सेटर
आज लेखी मागितलं. म्हणाला आमच्याकडे तशी पद्धत नाही. भावाला ते लागलं, निदान टोकन द्यायचं थांबलंय. पुतण्याला बीवनचा क्लास लावायचं चाललंय नाशिकरोडला, थर्ड शिफ्ट करून सकाळी. कार्डाला माझा विरोध कायम आहे, स्टुटगार्टकर, पण त्या टॅरिफवाल्या कंपन्या नावानिशी कुठे बघायला मिळतात तेवढं सांगून ठेवा, तो विचारतोय.