अंगणात पाणी साचतं : चर खणावा की माती उंच करावी?

मदत हवी आहे. अंगण साधारण ८ बाय ५ मीटर, माती चिकण, उतार नेमका घराच्या भिंतीकडे. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू दिला, मग पुन्हा भरला. दुसऱ्या वेळी तासाला जेमतेम १ सेंमी पाणी उतरलं. म्हणजे शोषखड्ड्याचा उपयोग नाही, पाणी बाहेर काढायलाच हवं.

विचार असा आहे: भिंतीपासून दीड मीटरवर ४५ सेंमी खोल चर, मीटरला १ सेंमी उतार, तळाला खडी, त्यावर छिद्रं असलेला ४ इंची पाइप (छिद्रं खालच्या बाजूला), पुन्हा खडी, आणि सगळ्याला बाहेरून जिओटेक्स्टाइल कापड. कापड नसेल तर बारीक गाळ खडीत शिरून चर बुजतो, म्हणून ते टाळणार नाही. चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळायचा सल्लाही नको, तशी माती वाळल्यावर आणखी घट्ट होते. कंपोस्ट मात्र घालणार आहे.

अडलंय ते इथे: पाइपचं तोंड कुंपणाजवळच्या सखल भागात सोडलं तर तिथे कर्दळ, वेखंड तग धरतील का? उन्हाळ्यात ती जागा पार कोरडी पडते. आणि चरापासून मोठं झाड किती लांब ठेवावं, मुळं पाइपात शिरू नयेत म्हणून?