कादंबरीतल्या नायिकेच्या हाती कोणतं शस्त्र द्यावं?

रानवाट: सह्याद्रीसारख्या कल्पित मुलखातली फँटसी लिहितेय. नायिका १७ वर्षांची, धनगरवाड्यातली, अंगानं किरकोळ, शस्त्रांचं शिक्षण शून्य. पहिली झुंज अरुंद घाटवाटेवर सात-आठ शिपायांशी, शेवटची वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात. दोन्ही हातांत दांडपट्टे द्यायचा मोह होतोय. पटेल का?

आडवी_मूठ: नाही पटणार. पट्ट्याची मूठ आडवी आणि लोखंडी खोळीच्या आत असते, त्यामुळे मनगट वळतच नाही. वार खांद्या-कंबरेतून घालायचा आणि पातं फिरतं ठेवायचं. मोकळ्या जागी चहूबाजूंनी घेरलेल्याला याच्यासारखं शस्त्र नाही. घाटवाटेवर मात्र पहिल्याच फेऱ्यात पातं कड्यावर आपटेल आणि हिसका थेट कोपरात येईल. शिवाय दोन्ही हात अडकले की दोर धरणं नाही, पडताना सावरणं नाही. मर्दानी खेळात पट्ट्यानं लिंबू कापतात, ते पाहून सोपं वाटतं. शून्य शिक्षण आणि दोन पट्टे एका कथेत नांदणार नाहीत.

घोंगडीवाला: धनगराची पोर ना? मग गोफण द्या की! एका दोरीचा फासा बोटात, दुसरीचं टोक चिमटीत, मधल्या खोळीत अंड्याएवढा गोटा. एक-दोन फेरे बास. दहा फेरे घातले तर समोरचा निवांत ढाल उचलेल. चिमटी जरा लवकर किंवा उशिरा सुटली की गोटा भलतीकडे जातो. गोटे ओढ्यातले, गुळगुळीत, सारख्या वजनाचे असावेत, वेडेवाकडे भरकटतात. तिला वाटेच्या वरच्या अंगाला उभी करा.

शिपाई दहा पावलांवर आले की गोफण संपली, मग काठी. तीही गरगर फिरवू नका, जागाच नाही. दोन्ही हातांनी धरून खुपसायची, नाहीतर बोटांवर आणि गुडघ्यावर हाणायची. डाव्या हाताला घोंगडी गुंडाळली तर ओझरता वार निभावतो. भाल्याचं टोक मात्र आरपार जाईल.

रानवाट: गोफण सुचलीच नव्हती! जिन्यात काय? आणि विटा कसा वाटतो?

आडवी_मूठ: जिन्यात कट्यार. दोन समांतर लोखंडी दांड्यांमधली आडवी मूठ आवळून ठोसा मारल्यासारखी खुपसायची, सगळं अंग मागे लावून. नवख्या हातालाही हे जमतं. पल्ला तोकडा, म्हणून तलवारवाल्याच्या अगदी अंगाशी भिडावं लागेल; जिन्याच्या वळणावर दबा धरून ते साधेल. जोरात घुसली तर अडकते, सरळ मागेच ओढावी लागते, आणि तेवढ्यात दुसरा शिपाई खाली येतो. तुमचा प्रसंग तिथंच आहे. घाटातल्या पडलेल्या शिपायाच्या कमरेची कट्यार तिनं उचलली असं दाखवा, म्हणजे ती कुठून आली हा प्रश्न नको.

एक विनंती, तलवारी दहा किलोच्या लिहू नका. लढाईतली एकहाती तलवार साधारण किलो-सव्वा किलोची. माणूस दमतो तो चुकलेला वार थांबवून परत फिरवताना.

घोंगडीवाला: विटा म्हणजे दोरीचा भाला, फेकून परत ओढायचा. दोरी मनगटाला बांधलेली. टोक ढालीत रुतलं की समोरचा दोरीसकट तिलाच ओढेल, आणि किरकोळ पोर फरफटत जाईल. द्यायचाच तर सोबत दोरी कापायला विळा द्या.